तुडुमाचा दम

कोसमटोल्याच्या तलावात बाबुलाल बुडी मारायचा, तेव्हा काठावरची माणसंही श्वास धरून उभी राहायची. हा तिथला जुना रिवाज. कोणी सुरू केला ते कोणाला माहीत नव्हतं, पण वर्षातून एक दिवस सगळं गाव गाल फुगवून उभं राही.

तलावाच्या तळाशी पाणी सोडायचं एक भोक असतं. त्यात सागाचा जाड खुंटा ठोकून बसवलेला असतो. त्याला तिकडं तुडुम म्हणतात. फागुनात, होळीच्या आधी, ढिवर लोक हे तुडुम काढून तलाव उतरवतात आणि मग जाळी टाकतात. खुंट्यावर वर्षभराचा गाळ बसलेला असतो. दोन पुरुष खोल पाण्याखाली जाऊन तो हातानं उपसायचा, खुंट्याच्या कडीत दोर ओवायचा, गाठ मारायची आणि बाजूला सरकून वर यायचं. मग काठावरची दहा माणसं दोर ओढत. बाबुलाल हे काम बारा वर्षं करत होता, आणि सगळं एकाच दमात. त्याच्याआधी त्याचा बाप करायचा.

तो खाली गेला की झाडूबुढा मोठ्यानं आकडे मोजायचा. मोजायचं काम असल्यामुळं त्याला एकट्याला श्वास घ्यायची मुभा होती. विसावर लेकरं सुटत. तिसावर बिडीवाले सुटत आणि एकमेकांकडं पाहून हसत. चाळीस-पन्नासात बहुतेक सगळे. साठाच्या पुढं फक्त बाबुलालची बायको गोकुळा उरायची. ती पासष्टला लालबुंद होऊन फुस्सकन श्वास सोडायची, आणि त्यानंतर काठावर सगळ्यांचे डोळे पाण्याकडं. नव्वदच्या आसपास बाबुलालचं काळं डोकं वर यायचं. मग जो ओरडा व्हायचा! जाळ्यात आलेला सगळ्यात मोठा रोहू त्या दिवशी बाबुलालच्या घरी जायचा. त्या रोहूच्या दोन फोडी तरी मिळाव्यात म्हणून दुपारपासून अर्धा मोहल्ला त्याच्या अंगणात काहीतरी काम काढून बसलेला असायचा.

बाबुलालला रोहूचं एवढं नव्हतं. पण वर्षभर लोकांच्या शेतात राबणारा माणूस त्या एका दिवशी गावाचा असायचा. ते त्याला हवं होतं.

तलावातल्या मासोळ्यांवर वर्ष निघत नाही, म्हणून ढिवरांची माणसं धानाच्या दिवसांत मजुरीला जात. तीन वर्षांपूर्वी गावातले मोठे शेतकरी असलेल्या सोमाजीभाऊंनी मळणीचं मशीन आणलं. त्याआधी धान चुरायला बैल फिरायचे, मग बाया सुपानं उधळायच्या, आणि वारा पडला तर सगळे मिळून वाट पाहत बसायचे. मशीन आलं आणि दहा दिवसांचं काम दीड दिवसात व्हायला लागलं. बाबुलाल मशीनच्या तोंडावर उभा राहायचा. पेंढी उचलायची, सोडायची, आत लोटायची. हात जाईल अशी ती जागा. तिथं घाबरट माणूस चालत नाही आणि घाईचाही चालत नाही. सोमाजीभाऊ म्हणायचे, "तोंडावर बाबुलालच पायजे. बाकीच्याइले मी पोतीच शिवू देतो."

सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात अवकाळी पाऊस पडला. बांधांवर रचलेले धानाचे पुंजणे आतपर्यंत भिजले. वरून ऊन लागलं, वरचा पेंढा वाळला, आत मात्र ते कोंदटत राहिले. पंधरा दिवसांनी चुरायला घेतले तेव्हा पेंढी उचलली की करडी भुकटी उडायची आणि ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. मशीनच्या भोवती असा काही धुराळा व्हायचा, की दुरून पाहणाऱ्याला वाटावं शेतात आग लागली.

तिसऱ्या दिवसापासून बाबुलालला खोकला लागला. दिवसभर काम करून घरी यायचा, आंघोळ करायचा, आणि दिवेलागणीला त्याला हुडहुडी भरायची. अंग तापायचं. छातीत मांजर बसल्यासारखं गुरगुरायचं. सकाळी उठला की ताप नाही. थोडा थकवा, थोडा खोकला, आणि पुन्हा कामावर.

त्या मुलखात थंडी वाजून ताप आला की माणूस दुसरा विचारच करत नाही. मलेरिया. मलेरियावाला सायकलवर आला, बोटाला टोचून काचेवर रक्त घेऊन गेला आणि कडू गोळ्या देऊन गेला. बाबुलालनं त्या खाल्ल्या. आठ दिवसांनी निरोप आला की रक्तात काही नाही. बाबुलाल म्हणाला, "पाह्य, गोळ्याइनं पळाला ना." आणि त्या संध्याकाळी पुन्हा गोधडी घेऊन बसला.

गोकुळा म्हणाली, "अजी, तोंडाले फडकं बांधत जा ना."

"मुसकं?" बाबुलाल म्हणाला. "मी का बैल हाव?"

हे खरं होतं. खळ्यावर बैल फिरवताना त्यांनी धान खाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडाला दोरीचं मुसकं बांधत. गेल्या वर्षी दसरूनं, म्हणजे गोकुळाच्या धाकट्या भावानं, एक दिवस दुपट्टा तोंडाला बांधला होता. तर लोकांनी त्याच्यापुढं पेंढी धरून "हाय हाय, हो हो" केलं होतं. दसरूनं दुपट्टा सोडला तो सोडलाच.

संक्रांतीला सगळे तलावावर तीळ लावून आंघोळीला गेले. पोरांनी बुड्या मारायची शर्यत लावली आणि बाबुलालला ओढलं. तो हसत हसत पाण्यात शिरला. झाडूबुढा काठावर होताच, त्यानं मोजायला सुरुवात केली.

अठ्ठाविसावर बाबुलाल वर आला. आला तो खोकत. खोकला थांबेना. पाण्यात कंबरभर उभा राहून तो वाकून वाकून खोकत राहिला.

"भाऊजी, आमची बाई जिकली!" दसरू ओरडला. लोक हसले.

बाबुलालनं काठाकडं पाहिलं. गोकुळा धुणं हातात धरून उभी होती. तिचे गाल फुगलेले होते. सवयीनं तिनंही श्वास धरला होता आणि तो अजून सुटला नव्हता. दोघांची नजर भेटली, तेव्हा तिनं तोंड वळवून हळूच श्वास सोडला. त्याला दिसू नये म्हणून. पण त्याला दिसलं.

घराच्या दारात आल्यावर तो म्हणाला, "होळीले दोन महिने हायेत."

"तालुक्याले, मूलच्या दवाखान्यात जाऊ," गोकुळा म्हणाली.

"दवाखान्यात काय सांगू? बुडी मारता येत नाई म्हणून?"

"तुमी काई नका सांगू. मी सांगतो."

ती बोलली त्याप्रमाणे तिनंच सांगितलं. मूलच्या दवाखान्यात त्या वेळी एक डॉक्टरीणबाई होत्या. तरुण होत्या, पण दटावायला पक्क्या. त्यांनी बाबुलालला विचारलं, "काम काय करता?"

"ढिवर हाव जी."

"मासे धरून असा खोकला येत नाही."

"मशीनच्या तोंडावर असते ते, बाई," गोकुळा म्हणाली. "धान चुराच्या. आन् एक गोष्ट आयका. काम केलं का संध्याकाळी ताप येते. बाजाराच्या दिवशी मशीन बंद राह्यते, त्या दिवशी ताप येत नाई. पट्टा तुटून मशीन चार दिवस बंद होतं, चारही दिवस चांगले होते. मलेरियाले का बाजार समजते?"

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला. त्यांनी गोकुळाकडं पाहिलं आणि विचारलं, "धान भिजलं होतं का?"

"चिंब."

मग त्यांनी बाबुलालच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. श्वास घ्या म्हणाल्या, सोडा म्हणाल्या, परत घ्या म्हणाल्या. छातीचा फोटो काढायला पाठवलं, थुंकी तपासली. टीबी नव्हता. शेवटी त्यांनी समोर बसवून सांगितलं. भिजलेल्या धानाला बुरशी लागते. ती पिठापेक्षा बारीक असते. धुळीबरोबर ती छातीच्या अगदी तळाशी जाऊन बसते, आणि शरीर तिच्याशी भांडतं. संध्याकाळचा ताप म्हणजे ते भांडण.

"आत्ता थांबलात तर छाती मोकळी होईल," त्या म्हणाल्या. "अशीच दोन-चार वर्षं काढलीत तर फुप्फुसाला घट्टे पडतात. हाताला पडतात तसे. मग ते फुगत नाही."

बाबुलालनं आपले हात पाहिले.

"आन् तुडुम?" त्यानं विचारलं.

"काय तुडुम?"

तुडुम म्हणजे काय ते सांगायला दोघांना बराच वेळ लागला. बाहेर रांग खोळंबली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "या वर्षी मशीनजवळ जायचं नाही. बिडी ओढता?"

"कधी मधी."

"ते जास्त ओढते, बाई."

"बिडी बंद. गोळ्या वेळेवर. रोज चालायचं, दम लागेल एवढं नाही, थोडं थोडं वाढवत. होळीच्या आधी येऊन दाखवा. मी हो म्हटल्याशिवाय पाण्यात उतरलात तर तुमच्या बायकोला सांगेन."

"तिले सांगाची गरजच नाई जी," बाबुलाल म्हणाला. "ते इथीच हाये."

बाबुलाल घरी बसला. बसला म्हणजे जाळी विणायला बसला, पण त्याच्या मनात ते बसणंच होतं. मशीनच्या तोंडावर दसरू गेला. रोज संध्याकाळी तो येऊन सांगायचा, आज इतकी पोती झाली, आज सोमाजीभाऊंनी शाबासकी दिली. बाबुलाल ऐकायचा आणि जाळ्याची गाठ जास्तच आवळायचा. मशीनचं तोंड गेलं, आता तुडुमही जाईल, असं त्याला वाटायचं. दसरू पंचविशीतला. पोहायलाही बरा.

पाचव्या दिवशी दसरू दुपारीच, जेवणाच्या सुटीत आला तो खोकत.

गोकुळानं भाजी चिरता चिरता त्याच्याकडं पाहिलं. "तू पोती शिवत होता तवा खोकत नव्हता."

"नाई."

"आन् पोती शिवाची जागा कुठी हाये?"

"मशीनच्या तिकून. उगवतीकून."

"वारा कुठून हाये या दिवसात?"

दसरूनं डोकं खाजवलं. "वाऱ्याचं कोण पाह्यते बाई आता? मशीनले पंखा हाये."

गोकुळानं भाजी बाजूला सारली. बाबुलालनं जाळं खाली ठेवलं. त्याच्याही डोक्यात तेच आलं होतं. धान चुरायला काढलं की पहिली पेंढी उगवतीकडं तोंड करून द्यायची, हा रिवाज. बैलांच्या काळात त्यानं काही बिघडत नव्हतं. पेंढी ठेवली, हात जोडले, मग ज्याला जिकडून सोयीचं तिकडून काम. पण मशीन जड. ट्रॅक्टर लावायचा, पट्टा सरळ धरायचा, खुंट्या ठोकायच्या. पहिल्या पेंढीला जसं लावलं तसंच ते महिनाभर राहायचं. आणि थंडीत वारा उगवतीकडूनच येतो. तीन वर्षं बाबुलाल वाऱ्याच्या तोंडात तोंड घालून उभा होता. पंखा भुकटी पुढं फेकत होता आणि वारा ती आणून त्याच्या नाकात भरत होता.

"मी जातो सोमाजीभाऊकडं," बाबुलाल म्हणाला.

"तुमाले मशीनजवळ जाची मनाई हाये," गोकुळा म्हणाली आणि भिंतीवरचं सूप काढून घेतलं.

बाबुलाल तरी मागं गेलाच. खळ्यापासून बरंच दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला पळसाच्या झाडाखाली उभा राहिला. जेवणाची सुटी होती, मशीन बंद होतं, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

सोमाजीभाऊ पोत्यावर बसून भाकर खात होते. साठीचे, पांढऱ्या मिशा, डोक्याला पागोटं. गोकुळानं त्यांना रामराम केला आणि म्हणाली, "सोमाजीभाऊ, मशीन फिरवा लागते."

"काऊन?"

"तोंडावरचा माणूस धूळ खाते."

"धानाच्या कामात धूळ नाई खाईन तं का जिलेबी खाईन?" सोमाजीभाऊ म्हणाले. मजूर हसले. "आन् लक्ष्मीकडं पाठ करून धान चुराचं? माह्या बापानं नाई केलं."

"बरं," गोकुळा म्हणाली. "मंग जरा उठा जी. इथी उभे राहा."

"काऊन वो?"

"उठा तं खरं. तुमच्यासारखा उधळणीचा जाणकार नाई गावात. माहा हात पाहा, बरोबर चालते का नाई."

कौतुक ऐकून सोमाजीभाऊ उठले. तिनं त्यांना बरोबर दसरूच्या जागी उभं केलं, मशीनच्या तोंडासमोर. मग मशीनच्या पलीकडं जाऊन तिनं भुसा मिसळलेलं धान सुपात घेतलं, हात डोक्यावर नेले आणि उधळायला लागली.

वारा चांगला होता. पहिलं सूप रिकामं होईपर्यंत सोमाजीभाऊंच्या मिशा दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या सुपाला ते शिंकायला लागले. तिसऱ्याला त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि ओरडले, "अवो बाई! वाऱ्याखाली माणूस उभा करून कोणी उधळते का? लेकराले समजते थे!"

"मीही तेच म्हंतो जी," गोकुळा म्हणाली आणि सूप खाली ठेवलं.

मग पोत्यांच्या मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि एकदा बांध फुटल्यावर सगळेच सुटले. पळसाखाली बाबुलाल हसता हसता झाडाला धरून राहिला. हसण्यानं खोकला आला, तरी हसला.

सोमाजीभाऊंनी पागोटं काढून झाडलं. त्यातून पायलीभर भुसा पडला. रागवावं की काय, हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी वर पाहिलं, बोट ओलं करून हवेत धरलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"तीन वर्सं," ते आपल्याशीच म्हणाले. "मशीन आलं आन् आमी वारा पाह्यनंच सोडून देल्लं."

"लक्ष्मीची पेंढी उगवतीले ठेवा ना जी," गोकुळा आता मऊ आवाजात म्हणाली. "हातानं ठेवा, पूजा करा. मंग मशीन फिरवा. लक्ष्मी काई पट्टा मोजत नाई बसत."

त्याच दुपारी ट्रॅक्टर सुरू करून, खुंट्या उपटून, आठ माणसांनी मशीन फिरवलं. शिव्या देत फिरवलं, पण फिरवलं. धूळ मावळतीकडं जायला लागली, पडीक रानावर. तोंडावरच्या माणसाच्या पाठीला स्वच्छ वारा. तरी थोडी उडत होतीच. तेव्हा सोमाजीभाऊंनी आपला दुपट्टा ओला करून नाकातोंडाला बांधला आणि सगळ्यांकडं डोळे वटारून पाहिलं. "आता मले कोन हाय हाय करते, पाहू."

कोणी केलं नाही. दुसऱ्या दिवशी सहा जणांनी फडकी बांधली. चौथ्या दिवसापर्यंत ज्यानं बांधलं नाही त्यालाच लोक विचारायला लागले, तुह्या घरी फडकं नाई का बे?

बाबुलाल चालत राहिला. आधी पांदणीपर्यंत, मग टेकाडापर्यंत, मग तलावाला अर्धा वेढा. बिडीची फार आठवण यायची, तेव्हा गोकुळानं दिलेला आवळ्याचा तुकडा तोंडात धरायचा. ताप गेला. छातीतलं मांजर रोज थोडं दूर बसायला लागलं. होळीच्या आठ दिवस आधी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी लावली आणि म्हणाल्या, "उतरा. पण एका दमाचा हट्ट नाही. दम संपायच्या आधी वर यायचं."

"मंग तुडुम कसं निंगन जी?"

"दोनदा जा. पाणी कुठं पळून जातंय?"

ही गोष्ट बाबुलालला पटली नाही. बारा वर्षं एका दमात काढलेलं तुडुम दोन दमांत काढायचं म्हणजे अर्धं हरल्यासारखं. त्या दिवशी सकाळी तलावाच्या पाळीवर गाव जमलं, तेव्हाही त्याच्या मनात हाच घोळ होता. दसरूनं कडीत ओवायचा दोर त्याच्या कमरेला बांधला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, मी तयार हाव. सांगाल तं मी जातो."

"तू मशीनच्या तोंडाले बरा," बाबुलाल म्हणाला आणि बुडी मारली.

पाणी गार होतं. खाली अंधार. हाताला गाळ लागला. तो दोन्ही हातांनी ओरबाडून काढू लागला. वरून झाडूबुढ्याचा आवाज पाण्यातून बोबडा ऐकू येत होता. गाळ निघाला, खुंटा हाताला लागला, कडी बोटात आली. छातीत अजून थोडं उरलं होतं. तेवढ्यात गाठ बसेल असं त्याला वाटलं. बसलीही असती. नसतीही बसली.

पाठीवर बायकोनं हात ठेवावा तसं त्याला आठवलं: दम संपायच्या आधी. त्यानं कडी सोडली आणि वर आला.

"बावन!" झाडूबुढा म्हणाला.

गोकुळाचे गाल अजून फुगलेले होते. बाबुलालनं तिच्याकडं पाहिलं आणि या वेळी तोच हसला.

"गाळ काढला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता दोर देतो. तवरिक श्वास घेऊन घ्या सगळे."

लोकांनी खरंच श्वास घेतला, सगळ्यांनी मिळून, आणि तो आवाज एवढा मोठा झाला की पलीकडचे बगळे उडाले. पाण्यात उभ्यानं बाबुलालनं वीस-पंचवीस श्वास घेतले, सावकाश, घाई न करता. मग पुन्हा गेला. अठ्ठेचाळीसला वर आला आणि हात उंचावला. दोर ताणला. दहा माणसं मागं रेलली, पडली, पुन्हा उठली, आणि खालून एकदम ढबाक असा आवाज झाला. पाळीच्या पलीकडं पाट धावायला लागला.

"दोन दमात निंगालं," झाडूबुढा कुरकुरला. "बारा वर्सात पह्यल्यांदा. मोजाले बी मजा नाई."

"तुमी दोन बार मोजलं ना बुवा, मंग डबल मजा," दसरू म्हणाला.

"निंगालं का नाई?" सोमाजीभाऊ म्हणाले. "मंग रोहू कोणाचा, त्याच्यावर बोलू नका."

बाबुलाल पाळीवर येऊन बसला. गोकुळानं कोरडा दुपट्टा त्याच्या खांद्यावर टाकला. मग एवढ्या लोकांसमोर, मागचापुढचा विचार न करता, तिनं त्याच्या ओल्या पाठीला कान लावला.

लोक ओरडले. कोणी शिट्टी मारली. दसरू म्हणाला, "बाई, काय आयकून राह्यली वो?"

"काई नाई," गोकुळा म्हणाली. कान तसाच होता. "काईच आयकू येत नाई."

बाबुलाल हलला नाही. तिचं ऐकून होईपर्यंत तो तसाच बसला, आणि खाली जाळीवाले पाण्यात उतरू लागले.